'छोरी २' : भीती उसात राहिली, आपण भुयारात

बालाघाटी (अंबाजोगाई) :

'छोरी २' कुणी शेवटपर्यंत बघितला का? शेवटपर्यंत मुद्दाम म्हणतोय, कारण आमच्या ग्रुपवर अर्धा तास बघून 'भारी आहे' म्हणणारे बरेच निघाले.

मागचं माहीत नसेल तर थोडक्यात. २०१७ साली विशाल फुरिया यांनी 'लपाछपी' नावाचा मराठी सिनेमा केला. कर्जवाल्यांच्या भीतीनं एक जोडपं ड्रायव्हरच्या गावी येऊन लपतं. बाई पोटुशी, घराच्या चहूबाजूंनी ऊस, आणि घरात ड्रायव्हरची बायको तुळसाबाई. पूजा सावंत आणि उषा नाईक. फुरियांनीच पुढं २०२१ ला तो हिंदीत 'छोरी' म्हणून केला, नुसरत भरुचा आणि मीता वशिष्ठला घेऊन. तो थेट प्राइमवर आला. आणि ११ एप्रिल २०२५ ला हा दुसरा भाग.

'लपाछपी'त मला भीती कशाची वाटली ते सांगतो. तुळसाबाई पोटुशी बाईशी मायेनं बोलते, हवं-नको बघते, आणि बोलता बोलता तिची नजर पोटावर जाते. बास. ही नजर आपल्याकडच्या प्रत्येक बाईनं सोसलेली आहे. पोट पुढं आलंय का बाजूला पसरलंय, तोंडावर तेज आहे का उतरलंय, उठताना कुठला हात टेकते, यावरून मुलगा का मुलगी सांगणाऱ्या म्हाताऱ्या गल्लोगल्ली आहेत. उषा नाईकांनी त्यातलीच एक उचलली आणि तिच्या डोळ्यात जरासं काहीतरी जास्तीचं ठेवलं. पुढं भुतं आली नसती तरी मी टरकलो असतो.

दुसऱ्या भागात साक्षीची, म्हणजे नुसरतच्या पात्राची, मुलगी सात वर्षांची झालीय. तिला ऊन सोसत नाही, कातडी भाजते. तिला पळवतात, आई मागोमाग जाते, आणि जमिनीखाली एक अख्खं राज्यच निघतं. तिथं प्रधान नावाचा कुणी पुरातन राक्षस, त्याची सेवा करणारी दासी मां म्हणजे सोहा अली खान, आणि पोरीला त्याच्या हवाली करायचा घाट. इतकं सगळं उघडून मांडलंय की भ्यायला काही शिल्लकच राहत नाही. वर जो तो आपण असे का झालो याचं भाषण देत सुटतो.

मुली मारण्याचा विषय तोच, दिग्दर्शक तोच, हिरोईन तीच. मग बिघडलं कुठं? पुढं गोष्ट फुटेल, बघायचा असेल त्यांनी जपून.


हुरडा_पार्टी (हिंगोली) :

प्रधान बघून मला आमच्या सोसायटीचा चेअरमन आठवला. कुठून आला, नेमकं काय करतो कुणालाच माहीत नाही, पण समदे त्याच्या नावानं घाबरतात.

गश्मीर महाजनी दिसला म्हणून बसलो होतो, आपला माणूस म्हणून. पोलिसाच्या वर्दीत बरा दिसतो. त्याला करायला काम द्यायचं तेवढं राहून गेलं.


सीताफळ (धारूर) :

मी थोडी वेगळी बाजू घेते. सोहा अली खानचं काम मला आवडलं. ती ओरडत नाही, हळू बोलते, आणि त्यामुळंच तिच्या वाक्यांकडं लक्ष जातं. बाईच बाईच्या मुळावर उठते हे दाखवणारे सिनेमे आहेत, पण त्या बाईला तिथं कुणी आणून बसवलं हे विचारणारे कमी. हा विचारतो. त्याचं श्रेय द्यायला पाहिजे.

आमच्या घरी सगळ्यांनी मिळून बघितला. सासूबाई पहिल्या तासात जाग्यावरून हलल्या नाहीत. भुयार सुरू झालं तशा उठल्या आणि लसूण सोलायला घेतला. म्हणल्या, "एवढं जमिनीखाली कशाला न्यायचं गं? वर घरात काय कमी होतं का?"


बालाघाटी :

@सीताफळ ताई, मी एवढं लांबण लावलं त्याऐवजी सासूबाईंना विचारलं असतं तर काम झालं असतं.


जालना_जंक्शन (जालना) :

मला या सगळ्या सामाजिक संदेशाचं काही पडलेलं नाही, आधीच सांगतो. भयपट लावला की मला भूत पाहिजे. माझी तक्रार एवढीच की भूत धड नाही.

आपल्याकडच्या भुतांना कायदे असतात. मुंजा पिंपळावर. हडळीचे पाय उलटे. चकवा वाट चुकवतो, पण जीव घेत नाही, पहाट झाली की सोडतो. खवीस कुठं असतो, काय मागतो, कशानं जातो, हे गावातल्या पोराला पण ठाऊक असतं. भीती त्या कायद्यातून येते, कारण कुणीतरी तो मोडणार हे आपल्याला कळलेलं असतं. 'तुंबाड' बघा. त्यातल्या हस्तर नावाच्या राक्षसाला भूक लागते, तो पिठाच्या बाहुलीवर झडप घालतो, पिठाच्या रिंगणात बसलं की तुमच्यापर्यंत येत नाही. तीन वाक्यात कायदा संपला. पुढं अख्खा सिनेमा तुम्ही फक्त ते रिंगण बघत बसता. नारायण धारपांच्या गोष्टीचं बीज होतं ते, उगाच नाही. २०१८ ला थेटरात फार चालला नाही, सहा वर्षांनी पुन्हा लावला तर लोकांनी रांगा लावल्या.

आता मला सांगा, प्रधान काय करू शकतो आणि काय करू शकत नाही? त्याला कशाची भीती? मला तरी शेवटपर्यंत उमगलं नाही. गरज पडली की ताकद वाढते, गरज पडली की कमी होते. अशा भुताला कोण भिणार?


फडकरी (वडवणी) :

मी सहसा वाचूनच निघून जातो. ऊस निघाला म्हणून लिहितो.

माझे आईबाप कोयता. बाहेरच्यांसाठी, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, त्याच हिशोबानं मिळते. दसरा-दिवाळीच्या दरम्यान टोळी निघायची ती उन्हाळ्याच्या तोंडाला परत. कारखान्याजवळच्या मोकळ्या रानात कोप्या, म्हणजे झोपड्या. मी आणि बहीण तिथंच वाढलो, शाळा अर्धी इकडं अर्धी कुठंच नाही.

सिनेमावाल्यांच्या उसात बाई सरळ पळत जाते. ऊस दोन्ही बाजूला शिस्तीत उभा. तोडणीला आलेला ऊस असा नसतो हो. वाऱ्यापावसानं लोळलेला असतो, एकात एक गुंतलेला, खाली गुडघ्याएवढं पाचट. दहा पावलं पळालं की तोंडावर आपटणार. पान नुसतं चाटून गेलं तरी कातडी चिरते. देठापाशी बारीक कूस असते, ती अंगात रुतली की खाजवून खाजवून रात्र जाते. म्हणून बायका साडीवर नवऱ्याचा फुल शर्ट घालतात आणि डोक्याला फडकं घट्ट बांधतात. पहाटे थंडीत फडात शिरलं की दहिवरानं साडी गुडघ्यापर्यंत चिंब. अंधारात पुढं काय आहे ते दिसत नाही, नुसता खसखस आवाज येतो. तो आपलाच असतो, तरी माणूस थांबून ऐकतो. दिग्दर्शकाला एवढं आयतं मिळालेलं होतं.

आणि भीती म्हणाल तर, ट्रक भरताना फळी लावतात. मोळी डोक्यावर घेऊन त्या फळीवरून वर चढायचं. पोटुशी बाई त्या फळीवर चढताना मी खाली उभं राहून बघितलीय. फळी मधोमध दबते. बाई एक क्षण थांबते, तोल धरते, आणि वर जाते. मुकादम तिकडं कुणाशी तरी बोलत असतो. माझ्या पोटात तेव्हा जे व्हायचं ते अजून एकाही भूताच्या सिनेमाला जमलेलं नाही.

भूत आम्हाला कधी दिसलं नाही. साप दिसले, रानडुक्कर दिसलं. आया-बहिणी रात्री उसात एकट्या जायच्या नाहीत, दोघी-तिघी मिळून जायच्या. ते भुताच्या भीतीनं नव्हतं.


सीताफळ :

@फडकरी दादा, वाचून थांबले जरा वेळ.

तुम्ही फडाचं काढलंत म्हणून सांगते. २०१९ मध्ये आपल्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांचा विषय राज्यभर गाजला होता. सरकारनं समिती नेमली. पाहणीत ८२ हजारांवर बायका आल्या आणि त्यातल्या १३ हजारांवर बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळी आली, दुखलं, खाडा झाला की दंड. त्यापेक्षा पिशवीच नको, असं सांगणारे भेटले की बाई तयार होते. तिशीतल्या बायका होत्या त्यात.

हे सगळं माहीत असताना मी सिनेमात रबरी तोंडाचा राक्षस बघून कशी दचकणार?


फडकरी :

आमच्या कोपीच्या शेजारणीचं झालं होतं ऑपरेशन. पुढच्या हंगामाला आली परत, कमरेला पट्टा बांधून. मोळी उचलताना "आई गं" म्हणायची, आणि पोरं चिडवायची तिला त्यावरून. मी पण चिडवायचो.


टॉर्चवाला (लातूर) :

चर्चा छान चालू आहे पण एक गोष्ट कुणीच बोलेना. असल्या सिनेमांनी भूत, बळी, तंत्र-मंत्र हे सगळं खरं आहे अशी समजूत पक्की होते. आपल्या राज्यात २०१३ चा नरबळी आणि जादूटोणाविरोधी कायदा आहे. गावात अजून उतारे टाकतात, देवऋषाकडं नेतात, लेकरू तापानं फणफणलेलं असताना अंगारा लावत बसतात. आणि आपण इथं हडळीच्या पायांची चर्चा करतोय.


जालना_जंक्शन :

@टॉर्चवाला काका, हडळीचे पाय उलटे म्हणणं आणि लेकराला अंगारा लावत बसणं यात फरक आहे. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा वाचून कुणी देवऋषाकडं गेल्याचं ऐकलंय का? उलट भुताच्या गोष्टी लहानपणी भरपूर ऐकलेली माणसं मोठेपणी भूत मानत नाहीत, असा माझा अनुभव आहे.


टॉर्चवाला :

तुमचा अनुभव तुमच्यापाशी. माझ्याकडं उलटे अनुभव ढिगानं आहेत. पण विषय सिनेमाचा आहे, थांबतो.


गोदाकाठ (गंगाखेड) :

विहिरीचं काढू का?

'छोरी'त विहीर आहे, पोरी जिच्यात टाकल्या ती. दुसऱ्या भागात तीच भुयाराची वाट. मराठवाड्यातल्या माणसाला विहिरीचं भय शिकवावं लागत नाही. आमच्याकडं विहिरीवर आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात देवता, असतात. सात दगड, शेंदूर, कधी हिरवा खण, बांगड्या. नवीन विहिरीला पाणी लागलं की आधी आसरांचं करायचं, मग मोटार सोडायची. बाळंतिणीनं, लहान लेकरानं तिन्हीसांजेला विहिरीकडं जायचं नाही. आसरा लेकराला बोलावतात म्हणायचे.

आता यातली गोम बघा. विहिरीत बाया उड्या टाकायच्या. पोरी टाकल्या जायच्या. सगळ्यांना माहीत असायचं, बोलायचं कुणीच नाही. आणि त्याच विहिरीवर सात बायकांची पूजा. मी काही अभ्यासक नाही, या दोन गोष्टींचा संबंध आहे असं ठासून सांगणार नाही, पण लहानपणी आजीबरोबर दगडांना पाणी घालताना ती पुटपुटायची ती देवांची नावं नव्हती, गावातल्या बायांची होती. मला ते फार उशिरा ध्यानात आलं.

सिनेमानं विहीर काठावरून बघायला पाहिजे होती. आत उतरला आणि घोटाळा झाला. आपल्याकडच्या जुन्या विहिरी काळ्या पाषाणात खणलेल्या, खाली वाकून बघितलं की स्वतःचंच तोंड दिसतं. त्याच्या खाली काय आहे हे कशाला दाखवायचं?


हुरडा_पार्टी :

आणि पाणी कुठं गेलं हो? विहिरीतून खाली एवढं मोठं भुयार, म्हणजे ती विहीर मराठवाड्यातलीच असणार. कोरडी.


खुलताबादी (संभाजीनगर) :

भुयारावरून. दौलताबादच्या किल्ल्यात अंधारी आहे, तुमच्यातले बहुतेक जण शाळेच्या सहलीला गेले असतील. डोंगर पोखरून केलेली वळणावळणाची वाट, शत्रू आत शिरला तर दिशा चुकावी म्हणून. आधी येतो तो वटवाघळांचा वास. मग पायाखाली पायऱ्या उंच-सखल लागतात, कुठली मोठी कुठली छोटी अंदाज येत नाही. गाइड मध्येच टॉर्च बंद करतो. आधी सगळे हसतात, मग गप्प होतात, मग पाठीमागून कुणीतरी खोटं खोटं खोकतं. तिथं भूत नाही, राक्षस नाही, तरी पन्नास माणसं एकमेकांचे शर्ट धरून उभी असतात.

सिनेमातल्या भुयारात मला एकदाही वास आला नाही. ओल नाही, गुदमरणं नाही. सेट वाटतो. भिंतीला हात लावला तर रंग हाताला लागेल असं वाटत राहतं.


सबवूफर (लातूर) :

माझा मंडप-साउंडचा धंदा आहे, म्हणून आवाजावर बोलायचा मला थोडा हक्क.

घाबरवायचं असेल तर आवाज वाढवायचा नसतो, काढून घ्यायचा असतो. वरातीत बघा, डीजे अचानक बंद पडला की अख्खी गल्ली एकदम मागं वळून बघते. वाजत असताना कुणी बघत नाही. कानाला सतत काही ऐकू येत असलं की तो सैल पडतो, मग वर कितीही धडाम करा, उपयोग नाही. या सिनेमात पार्श्वसंगीत मिनिटभर श्वास घेत नाही. कुणी दार उघडलं तरी व्हायोलिन, नुसतं बघितलं तरी व्हायोलिन. घरी होम थिएटरवर लावला होता. वीस मिनिटांत सबवूफरचा नॉब खाली केला, नाहीतर शेजारचे आले असते.

'लपाछपी'त लेकरांच्या खेळण्याचा आवाज उसातून यायचा. कुठून येतो ते कळायचं नाही. एवढ्यावर सिनेमा तरला होता.


दुपारचा_मुंजा (परभणी) :

सगळ्यांचं वाचलं. माझं म्हणणं असं की या सिनेमाच्या हातात एक फार मोठी गोष्ट आली होती आणि त्यांनी ती सांडली. मुलीचा उन्हाचा आजार.

आमच्या आजीच्या भुताच्या गोष्टी रात्रीच्या नव्हत्याच. भर बाराच्या होत्या. परभणीत मे महिन्यात पारा ४४ ला जातो तेव्हाची दुपार ज्यांनी बघितली नाही त्यांना हे कळायचं नाही. रस्त्यावर कुत्रं नसतं. पत्रे तापून आपोआप कडकड वाजतात. लाइट गेलेली, शेतातल्या मोटारी बंद, म्हणून कुठं कसला आवाज नाही. पिंपळाची पानं तेवढी वारा नसताना हलतात. त्या टायमाला बाहेर पडायचं नाही, विहिरीवर तर नाहीच नाही. हळद लागलेल्या नवरदेवाच्या हातात कट्यार आणि तिच्या टोकाला लिंबू खोचून देतात ते पण याच भीतीनं. अंधारात निदान आपण दिसत नाही. उन्हात लपायला सावलीसुद्धा पायाखाली गेलेली असते.

आता हे त्या पोरीला लावून बघा. उन्हात गेली की भाजणार. म्हणजे दिवसा पळता येत नाही, आणि रात्री ते येणार. आईच्या हातात उरते फक्त सांज आणि पहाट. पडदे, गोधड्या, खिडकीच्या फटीला चिकटवलेले कागद, आणि एक फट राहून गेलेली. एका खोलीत दोन तास घामटं काढता आलं असतं. यांनी काय केलं? पोरीला जमिनीखाली नेलं, जिथं ऊन पोचतच नाही. तिचा खरा वैरीच सिनेमातून हाकलून दिला आणि त्याच्या जागी प्रधान आणून बसवला!

मराठवाड्यात भयपट करायचा तर तो असा उन्हातलाच होईल. पाऊस, धुकं, शेवाळं हे कोकणवाल्यांकडं राहू द्या, त्यांना ते शोभतं.


बालाघाटी :

@दुपारचा_मुंजा, मला सकाळपासून जे सापडत नव्हतं ते हेच. पाया पडतो.

यात माझी एक भर. पहिला सिनेमा मराठीतून हिंदीत गेला तेव्हा गाव उत्तरेकडचं झालं, बोली तिकडची झाली, घुंगट आला. आम्ही इथं सोफ्यावर बसून म्हणायला मोकळे, काय बाई ती माणसं, मुली मारतात. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांच्या आतल्या दर हजार मुलांमागं मुली किती? हरियाणात ८३४. बीड जिल्ह्यात ८०७. राज्यात सगळ्यात खाली आपण, आणि ज्यांना नावं ठेवतो त्या हरियाणाच्याही खाली. सोनोग्राफीत मुलगा का मुलगी बघायला बंदी करणारा कायदा १९९४ चा आहे, म्हणजे तेव्हा तो सतरा वर्षांचा झालेला होता. नंतर धाडी पडल्या, खटले झाले, आकडा पुढं सुधारला असं वाचनात येतं. पण त्या वर्षांत ज्या पोरी जन्मायच्या होत्या आणि जन्मल्या नाहीत, त्या आज दहावी-बारावीच्या वर्गात बसल्या असत्या. आमच्या शाळेत मुलींच्या बाकांची रांग मुलांच्या रांगेपेक्षा आखूड दिसते. शिक्षक आहे, रोज बघतो.

म्हणून प्रधान मला नुसता कंटाळवाणा नाही, सोयीचा वाटतो. सगळा दोष जमिनीखालच्या एका राक्षसावर टाकला की वरचे सगळे निर्दोष. सोनोग्राफीचं मशीन कुणी जमिनीखाली ठेवत नव्हतं. बाजारपेठेत, मेडिकलच्या वरच्या मजल्यावर, पायऱ्या चढून जायचं होतं.


जालना_जंक्शन :

बरं, आता तुम्ही मला पटवलंत तरी माझा मुद्दा उभाच आहे. ती पायऱ्या चढून जाणारी बाई दाखवा, पण दाखवताना मला भीती वाटली पाहिजे. वाटली नाही तर ती फिल्म डिव्हिजनची डॉक्युमेंटरी झाली.


सीताफळ :

वाटेल की. जिन्यात एक बाई, वर कंपाउंडर, खाली नवरा मोटारसायकल चालू ठेवून उभा. त्यानं इंजिन बंद केलेलं नाही, म्हणजे काम किती वेळाचं आहे हे त्याला माहीत आहे. वरून सासू खिडकीतून त्याला खूण करते. बाईला खूण दिसत नाही, आपल्याला दिसते.


जालना_जंक्शन :

ताई, तुम्ही लिहा. मी तिकीट काढतो.


सबवूफर :

आणि त्यात संगीत टाकू नका. मोटारसायकलचा आवाज पुरे. तो बंद झाला की समजायचं.


फडकरी :

मोटारसायकल कशाला. आमच्याकडं जीपमध्ये चार-पाच बायका एकदमच नेत. गाण्याची कॅसेट लावलेली असायची.


टॉर्चवाला :

हा धागा सिनेमापेक्षा भारी झालाय एवढं कबूल करतो. @फडकरी, तुम्ही हे फडावरचं सविस्तर लिहून ठेवा, प्रतिसादात हरवून जाईल. वेगळा धागा काढा.


फडकरी :

लिहायचा कंटाळा नाही, बसायला वेळ नाही. बघू, हंगाम सुरू व्हायच्या आत काहीतरी टाकतो. आई अजून जाते, नको म्हणलं तरी. तिला विचारून लिहावं लागेल.


पुण्यातला_उदगीरकर (पुणे) :

सगळा धागा वाचला. आता दोन्ही बघायचे ठरवलेत. आधी कुठला लावू? आणि एक अडचण आहे, बायकोला सातवा महिना चालूय. तिच्यासोबत बघावा का?


बालाघाटी :

आधी 'लपाछपी'. मग हिंदी 'छोरी' नाही बघितला तरी चालेल, मीता वशिष्ठसाठी बघा वाटलं तर. दुसरा भाग पहिला तास बघा आणि बंद करा. पुढचं आपापल्या मनानं रचा, बरं होईल ते.


सीताफळ :

अहो दादा, सातव्या महिन्यात हे कशाला? डोहाळजेवणाचं बघा. एकट्यानं बघा, हेडफोन लावून.


पुण्यातला_उदगीरकर :

तिला विचारलं. म्हणाली, "मी कॉलेजात असताना बघितलाय 'लपाछपी', तूच भिशील." आता शेवट काय आहे विचारतोय तर सांगेना, नुसती हसायलीय.